रावबहादुर दादोबा पांडुरंग तर्खडकर

व्याकरणाचा तास आला कीं पुष्कळ मुलांचे चेहरे उतरतात. हे नियम आपणांस छळण्याकरितांच केले असावेत, असें आमच्या सिंदी मेघे येथील बालमित्रांसहि वाटत असेल. त्यांच्याकरितां आम्ही एका थोर शिक्षकाचें चरित्र थोडक्यांत सांगतों.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजीं मुंबईस झाला. प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांचे धाकटे बंधु. १८३६ सालीं, अवघ्या बाविसाव्या वर्षीं, दादोबांनीं महाराष्ट्र भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. पुढें कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं त्यांतील मतांची कठोर चिकित्सा केली. तरी मराठीचे पाणिनि हें बिरुद लोकांनीं दादोबांसच दिलें.

सुरतेस असतां १८४४ सालीं दुर्गाराम मेहताजी आदि मित्रांसह त्यांनीं मानवधर्मसभा काढिली. पुढें मुंबईंत जातिभेद न मानणारी परमहंससभा स्थापन झाली. ती गुप्त होती, हा तिचा दुबळेपणा खरा. परंतु रूढीस कारण विचारण्याची संवय तिनें तरुणांस लाविली.

कारण विचारणें व कारण नीट सांगणें, हें व्याकरणहि शिकवितें. मराठींत पाऊस पडून नदीस पूर आला असें आपण म्हणतों. पडणारा पाऊस व पूर येणारी नदी हीं भिन्न असूनहि अर्थ बिघडत नाहीं. इंग्रजींत मात्र वाक्यारंभींचें धातुसाधित बहुधा मुख्य वाक्याच्या कर्त्यासच चिकटतें. मुलगा आजारी पडला असतां रजेच्या अर्जांत त्यानें बीइंग इल, माय फादर केप्ट मी ॲट होम असें लिहिलें, तर आजार बापाच्या माथीं बसतो! ॲज आय वॉज इल असा आरंभ केला म्हणजे ज्याचें दुखणें त्याच्याच पदरीं राहतें. एकाची गोष्ट दुसऱ्यावर न लोटणें, हा केवळ भाषेचा नियम नव्हे.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजीं दादोबा निवर्तले. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांचें स्मरण ठेवून कोणतेंहि वाक्य लिहितांना, आपण हें कोणाविषयीं सांगत आहों, एवढें स्वतःस विचारावें, अशी आमची प्रेमाची विनंति आहे.