आईची रविवारची गोळी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणी इतरजण लिहितीलच म्हणून मी यल्लाप्रगडा सुब्बाराव निवडले. कारण माझी आई. तिला आमवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, पण पाकिटावर रोज एक असं लिहिलं गेलं होतं आणि आई ती रोज घेत होती. चौथ्या दिवशी आपल्याच वर्गातली, आता नर्सिंगच्या मुलींना औषधशास्त्र शिकवणारी मैत्रीण सहज घरी आली. आईचं तोंड आलंय हे ऐकून तिने पाकीट मागितलं आणि आम्हाला तडक दवाखान्यात नेलं. मी इंजिनिअर, रोज दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते. घरातली दिसली नाही.

हे औषध शरीरातल्या फॉलिक ॲसिडचं काम अडवतं, म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशींना, म्हणजे तोंडाच्या आतल्या त्वचेला आणि अस्थिमज्जेला, आधी फटका बसतो. म्हणूनच सोबत फॉलिक ॲसिडची गोळीही देतात. गंमत म्हणजे या दोन्ही गोळ्यांचा माग एकाच माणसापर्यंत जातो.

सुब्बाराव १८९५ साली आंध्रातल्या भीमावरमला जन्मले. मॅट्रिकला दोनदा नापास. (आपल्या बॅचच्या काहींनी नोंद घ्यावी!) दोन भाऊ संग्रहणीने गेले. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेताना खादी घातली म्हणून शस्त्रक्रियेच्या प्राध्यापकांची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी एलएमएसची दुय्यम पदवी हाती पडली. पुढे बोस्टनला गेले, पोटासाठी इस्पितळात रात्री रुग्णांची भांडी साफ केली. हार्वर्डमध्ये फिस्के यांच्याबरोबर रक्तातला फॉस्फरस मोजण्याची पद्धत काढली, तरी तिथे कायमची जागा मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले कंपनीत गेले.

तिथे त्यांच्या गटाने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं. भावांचा जीव घेणाऱ्या संग्रहणीवर ते उपयोगी पडतं. मग त्याच्या उलट काम करणारं ॲमिनोप्टेरिन केलं. सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना दिलं. १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड. हत्तीरोगावरचं डीईसीही याच गटाचं. विदर्भात आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन समोर गिळायला लावतात ती गोळी. १९४८ च्या ऑगस्टमध्ये, ५३ व्या वर्षी, सुब्बाराव गेले. अमेरिकेला निघताना मागे ठेवलेल्या पत्नीकडे ते कधीच परतले नाहीत. हे मला अजून खटकतं.

आईच्या रक्तातल्या पेशी महिन्याभरात पूर्ववत झाल्या. मी तिच्या मोबाइलवर आठवणीची घंटा लावली होती, ती तिने बंद केली. डब्यावर मैत्रिणीने मोठ्या अक्षरांत रविवार लिहून दिलंय, तेवढंच ती पाहते.