छडी नेमके काय शिकवते? एडवर्ड थॉर्नडाइक यांचा शोध

आपण निर्णय विचारपूर्वक घेतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आपले पुष्कळसे निर्णय मागच्या वेळी काय पदरात पडले यावर ठरत असतात. ज्या कृतीने लाभ झाला ती पुन्हा हातून घडते आणि जिच्यातून काही हाती लागले नाही ती हळूहळू मागे पडते. हे तत्त्व प्रयोगाने मोजून दाखवणारे पहिले संशोधक म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ली थॉर्नडाइक. महाराष्ट्रात ज्यांनी डी.एड. किंवा बी.एड. केले आहे, त्यांना हे नाव ‘प्रयत्न-प्रमाद पद्धती’च्या धड्यातून परिचित असेल. त्या धड्यातले मांजर बहुतेकांच्या लक्षात राहते. मात्र आपल्याच नियमाचा अर्धा भाग थॉर्नडाइक यांनी पुढे स्वतः मागे घेतला, हे फारसे कोणाला आठवत नाही.

थॉर्नडाइक यांचा जन्म 31 ऑगस्ट 1874 रोजी मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्सबर्ग येथे झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांची बदली वारंवार होत असल्याने मुलांचे बालपण न्यू इंग्लंडमधील निरनिराळ्या गावी गेले. घरात शिस्त कडक आणि अभ्यासाची ओढ मोठी. एडवर्ड यांचे बंधू अ‍ॅश्ली इंग्रजी साहित्याचे आणि लिन मध्ययुगीन इतिहासाचे प्राध्यापक झाले. पुढे तिघेही न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते.

वेस्लियन विद्यापीठातून 1895 मध्ये पदवी घेऊन एडवर्ड हार्वर्डला गेले. विल्यम जेम्स यांच्या मानसशास्त्रावरील ग्रंथाने ते भारावून गेले होते. तेथे त्यांनी कोंबडीच्या पिलांवर प्रयोग सुरू केले. पण भाड्याच्या खोलीत पिले ठेवायला घरमालकीण तयार होईना आणि विद्यापीठातही जागा मिळेना. अखेर जेम्स यांनी आपल्या घराचे तळघर त्यांना मोकळे करून दिले. पुढे कोलंबियात जेम्स मॅकीन कॅटेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन पूर्ण केले. 1898 मध्ये प्राण्यांच्या बुद्धीवरील प्रबंध सादर केला, तेव्हा त्यांचे वय अवघे 23 वर्षांचे होते.

या प्रबंधाचे साधन अगदी साधे होते. लाकडी फळ्या ठोकून त्यांनी कोड्याच्या पेट्या तयार केल्या. भुकेले मांजर आत, खाणे बाहेर. आतली दोरी ओढली, फासा खेचला किंवा खटका दाबला की दार उघडे. मांजर आधी ओरबाडी, चावे, फटींतून पंजे बाहेर काढी आणि या धडपडीत केव्हातरी योगायोगाने दार उघडे. मग त्याला पुन्हा आत ठेवले जाई आणि लागलेला वेळ नोंदवला जाई. एका मांजराला पहिल्या खेपेस 160 सेकंद लागले. चोविसाव्या खेपेस तेच मांजर 7 सेकंदांत बाहेर आले.

या आकड्यांचा उतार थॉर्नडाइक यांना महत्त्वाचा वाटला. मांजराला युक्ती एकदम उमगली असती, तर वेळ एका झटक्यात खाली आला असता. तो मात्र चढउतार करीत हळूहळू घटत होता. दुसऱ्या मांजराने दार उघडलेले पाहूनही फरक पडत नव्हता. म्हणजे यश देणारी हालचाल त्या परिस्थितीशी घट्ट जोडली जात होती आणि निष्फळ हालचाली गळून पडत होत्या. 1911 च्या ग्रंथात त्यांनी हा ‘परिणामाचा नियम’ सविस्तर मांडला. समाधान देणाऱ्या परिणामाने कृतीचा बंध बळकट होतो आणि त्रासदायक परिणामाने तो दुबळा होतो. बक्षीस आणि शिक्षा ही त्यात तराजूची दोन समतोल पारडी होती. त्याला जोडून ‘सरावाचा नियम’ होता: नुसत्या पुनरावृत्तीनेही बंध पक्का होतो.

प्राण्यांपेक्षा पिंजरा अनैसर्गिक असल्याची टीका झाली, तरी नियम रुजला. 1899 पासून 1940 पर्यंत थॉर्नडाइक कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमध्ये होते. शिक्षणाचे मानसशास्त्र, अंकगणिताची क्रमिक पुस्तके, पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्या अशा सर्वत्र त्यांचा हात होता. मुलांच्या वाचनात वारंवार येणाऱ्या 10,000 शब्दांची त्यांची यादी 1921 मध्ये प्रसिद्ध झाली. एखाद्याने एवढ्या मानमरातबावर स्वस्थ राहिले असते.

थॉर्नडाइक यांनी आपला नियम पुन्हा तपासायला घेतला, या वेळी माणसांवर. डोळे बंद करून ठरावीक लांबीची रेघ काढायला सांगितली, तेव्हा ती बरोबर आली की चूक हे न सांगता शेकडो रेघा काढूनही सुधारणा होईना. निकाल सांगू लागताच होऊ लागली. दुसऱ्या प्रयोगात परक्या भाषेतील शब्दाचा अर्थ पाच पर्यायांतून निवडायचा होता. ‘बरोबर’ हे ऐकल्यावर ती निवड पुढच्या वेळी निश्चितपणे वाढे. ‘चूक’ हे ऐकल्यावर मात्र ती निवड त्या प्रमाणात घटत नसे.

1929 मध्ये येल विद्यापीठात भरलेल्या आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषदेत, वयाच्या 55 व्या वर्षी, जगभरच्या सहव्यवसायिकांसमोर त्यांनी आपले चुकले असे स्पष्ट सांगितले. नुसता सराव शिकवत नाही आणि शिक्षा ही बक्षिसाची उलटी बाजू नव्हे, हे त्यांचे नवे म्हणणे होते. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. बक्षीस नेमकी एक कृती दाखवून देते. शिक्षेतून ‘हे नको’ एवढेच कळते. त्याऐवजी काय करावे, हे अज्ञातच राहते. छडीवाचून विद्या येत नाही असे मानणाऱ्या त्या काळातील शाळांना हे पचणे सोपे नव्हते. पुढील संशोधकांनी तीव्र आणि तत्काळ शिक्षेने वर्तन थांबू शकते असे दाखवले. त्या अर्थी थॉर्नडाइक दुसऱ्या टोकाला थोडे झुकले होते. तरी थांबवणे आणि शिकवणे यांतील त्यांनी दाखवलेला फरक टिकून राहिला.

हीच कठोर तपासणी त्यांनी आपल्या सर्व मतांना लावली नाही. बुद्धी मुख्यतः आनुवंशिक असते असे ते मानत आणि कोणी संतती वाढवावी, कोणी नाही, हे समाजाने ठरवावे या सुप्रजननवादी विचाराचे ते समर्थक होते. या मतांमुळेच 2020 मध्ये टीचर्स कॉलेजने आपल्या इमारतीला दिलेले त्यांचे नाव काढून टाकले. 9 ऑगस्ट 1949 रोजी त्यांचे निधन झाले, त्याला तेव्हा सात दशके उलटून गेली होती.

त्यांच्या पेटीतून निघालेली वाट आज आपल्यापैकी अनेकांच्या कामाच्या टेबलापर्यंत आली आहे. बक्षिसाच्या आधारे यंत्राला निर्णय घ्यायला शिकवणाऱ्या संगणकशास्त्राचा पाया अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांनी घातला; या कामासाठी त्यांना 2024 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. परिणामाच्या नियमाचे ऋण त्यांनी आपल्या ग्रंथात नोंदवले आहे.

मात्र यंत्रापेक्षा माणसाशी वागताना हा नियम अधिक कामी येतो. वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात चुकांची यादी हाती पडलेल्या सहकाऱ्याला काय टाळावे एवढेच कळते. मुलाच्या उत्तरपत्रिकेवरील लाल फुल्याही तेवढेच सांगतात. त्याने बरोबर केलेली एक गोष्ट त्याच वेळी, नेमकेपणाने दाखवून देणे हे अधिक कष्टाचे काम आहे. शिकणे त्यातूनच घडते, हे समजायला थॉर्नडाइक यांना तीस वर्षे लागली आणि समजल्यावर ते मान्य करायला त्यांनी वेळ दवडला नाही.