विश्लेषण : धाराशिवच्या माळावरून धावलेल्या ‘बार्शी लाईट’चा जनक कोण? त्याच्या रेल्वेचे आज काय उरले?

लातूरहून कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की धाराशिव जिल्ह्यात ‘कळंब रोड’ नावाचे स्थानक लागते. कळंब गाव तिथे नाही. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ म्हणजे इथे उतरा आणि पुढचा रस्ता धरा. कुर्डुवाडी स्थानकाचेही जुने नाव ‘बार्शी रोड’ होते. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मुंबईकडे जाणारा लोहमार्ग तिथून सुमारे ३५ किलोमीटर दूर. मधली वाहतूक बैलगाड्यांवर. हे अंतर भरून काढायचे एका इंग्रज अभियंत्याने मनावर घेतले आणि त्यातूनच मराठवाड्याच्या या भागात रेल्वे आली.

कोण होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप?

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप यांचा जन्म १८५७चा, इंग्लंडमधील लिंकनशायरचा. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कंपनीत आणि नंतर क्रू येथील रेल्वे कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. १८८२ मध्ये ते ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ म्हणजे जीआयपी रेल्वेत इंजिन विभागात नोकरीला लागले आणि भारतात आले. मुख्य मार्ग झाले, पण आतल्या गावांचे काय, हा प्रश्न त्यांना इथे पडला. ब्रॉडगेज टाकण्याइतका माल आणि प्रवासी आतल्या भागात नव्हते. मग स्वस्त रेल्वे हवी. बार्शीच्या मार्गाची पाहणी त्यांनी १८८०च्या दशकातच केली होती. पुढे नोकरी सोडली, मायदेशी परतून सल्लागार अभियंता झाले, पण बार्शी काही डोक्यातून गेली नाही. १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि सल्लागार अभियंता अर्थातच तेच.

पाच टनांचे गणित काय होते?

हा भाग जरा तांत्रिक आहे, पण खरी गंमत इथेच आहे. रूळ किती जाड हवा, हे गाडीचे एकूण वजन ठरवत नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर किती भार येतो, ते ठरवते. बहुतेक छोट्या रेल्वेंमध्ये सर्वात जड आस इंजिनाचा. म्हणजे एका इंजिनासाठी सगळीकडे जाड रूळ टाकायचे आणि डबे मात्र त्या रुळाच्या ताकदीपेक्षा खूप कमी भार घेऊन धावणार. पैसा वाया.

कॅलथ्रॉप यांनी उलटा विचार केला. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. रूळ यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आजच्या ब्रॉडगेजचा रूळ मीटरला ६० किलोचा असतो आणि आसावरचा भार २२ टनांच्या वर जातो, यावरून अंदाज घ्या. इंजिन मग ताकदवान कसे होणार? चाके वाढवून. लीड्सच्या किटसन कंपनीने बार्शीसाठी बनवलेल्या पहिल्या इंजिनांना ओढणारी आठ चाके आणि मागे आणखी चार, असे सहा आस होते. डबे दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्यांचे, हलके आणि बोगीवाले. भारतात पाठवण्याआधी ही गाडी लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम तीव्र वळणे आणि चढ असलेला मार्ग टाकून चालवून दाखवण्यात आली.

इंजिनीअरिंगला असताना एवढा नेमका ‘केस स्टडी’ आम्हाला कुणी शिकवला नाही. कुर्डुवाडी तर दोन-तीन तासांवर होती.

ही रेल्वे धाराशिव जिल्ह्यात कधी आली?

कुर्डुवाडी-बार्शी मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. १९०६ मध्ये दुसरा फाटा पंढरपूरला पोहोचला आणि वारकऱ्यांची सोय झाली. बार्शीकडून मार्ग निजामाच्या हद्दीत शिरला तो बालाघाटचे डोंगर चढून. येडशी, ढोकी अशी गावे घेत १९११ मध्ये गाडी लातूरला लागली. त्याच वर्षी मीर उस्मान अली खान निजाम झाले आणि धाराशिवला पुढे त्यांचेच नाव मिळाले. पण त्या शहराला मात्र रेल्वे मिळाली नाही! जिल्ह्याच्या मुख्यालयाला बाजूला ठेवून ही गाडी जवळपास शतकभर धावली. धाराशिवकरांना गाडी पकडायला येडशी गाठावी लागे.

रेल्वेवाला माणूस पॅराशूटकडे कसा वळला?

बार्शीच्या यशावर कॅलथ्रॉप यांना इंग्लंडमध्ये ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ या छोट्या रेल्वेचे काम मिळाले. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या एका इंजिनाला त्यांचेच नाव दिले गेले. १९१० मध्ये त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स (होय, रोल्स-रॉइसमधले रोल्स) विमान अपघातात गेले. त्यानंतर वैमानिकांचा जीव वाचवणारी छत्री हा त्यांचा ध्यास झाला. त्यांच्या ‘गार्डियन एंजल’ पॅराशूटची १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून चाचणी झाली. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हद्दीत हेर उतरवायला ते वापरले गेले, पण ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना काही पॅराशूट मिळाले नाही. अरबी घोडे पाळण्याचाही त्यांना नाद होता आणि घोड्यांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. १९२७ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांची बार्शी लाईट पंढरपूरहून मिरजेला पोहोचली. लातूर ते मिरज एकूण सुमारे ३२५ किलोमीटर.

मग आज काय उरले?

१९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. लातूर ते धाराशिव ब्रॉडगेज २००७ मध्ये आणि धाराशिव ते कुर्डुवाडी २००८ मध्ये झाले. नवा मार्ग वळसा घेऊन धाराशिवमार्गे काढला गेला, त्यामुळे शहराला अखेर गाडी मिळाली. ही मागणी रास्तच होती, नॅरोगेजच्या आठवणीसाठी ती कुणी सोडली नसती. पण या वळशामुळे येडशीच्या डोंगरातला जुना मार्ग बाजूला पडला. वारसा म्हटले की आपण इंजिन रंगवून स्थानकाबाहेर उभे करतो. कॅलथ्रॉप यांचे काम एका इंजिनात मावणारे नाही. डोंगरातून मार्ग कसा नेला, वळणे कशी काढली, भराव कुठे घातला, हे त्या सोडलेल्या वाटेवरच वाचता येते.

मॅनिफोल्ड रेल्वे १९३४ मध्येच बंद पडली, अवघ्या तीस वर्षांत. रूळ काढल्यावर तिची जागा स्थानिक कौन्सिलकडे गेली आणि १९३७ मध्ये तिथे पायवाट खुली झाली. लोक आजही त्या वाटेने चालतात, सायकल चालवतात. आपली गाडी त्यापेक्षा सात वर्षे आधी सुरू झाली आणि सत्तरहून अधिक वर्षे जास्त टिकली. तिच्यातून येडशी-बार्शी प्रवास केलेली, तिच्यावर काम केलेली माणसे अजून ढोकी, येडशी, कुर्डुवाडीत भेटतात. त्यांच्याकडचे पास, फोटो आणि आठवणी नोंदवून घ्यायला रेल्वे बोर्डाची मंजुरी लागत नाही.