सिद्ध करणे म्हणजे काय?

कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी आपली अनेक मुलेमुली तर्कशक्तीच्या प्रश्नांना बिचकतात. सामान्य ज्ञान घोकता येते, पण तर्क जन्मतःच असावा लागतो, असे त्यांच्या मनावर बिंबवले गेले आहे. ते कोणी बिंबवले, हे चळवळीच्या वाचकांना सांगायला नको. या मुलांनी अब्राहम लिंकन यांचे चरित्र जरूर वाचावे.

लिंकन १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीत, ओंडक्यांच्या खोपटात जन्मले. वडील शेतकरी आणि सुतार. सगळे दिवस जोडले तरी लिंकन यांची शाळा वर्षभराची भरत नाही. इलिनॉयमधील न्यू सेलम या खेड्यात दुकान, टपाल, जमीनमोजणी अशी कामे करीत त्यांनी उसन्या पुस्तकांवर कायदा वाचला. १८३६ मध्ये वकिलीची सनद मिळवली.

कायदा वाचताना सिद्ध करणे हा शब्द वारंवार येई. ठासून सांगणे आणि सिद्ध करणे यांत नेमका फरक काय? शब्दकोशाने त्यांचे समाधान होईना. मग त्यांनी युक्लिडची भूमिती हाती घेतली. १८४७ ते १८४९ काँग्रेसचे सदस्य राहून आल्यावर, म्हणजे चाळिशीत, कोर्टाच्या फिरतीवर असताना सोबतचे वकील झोपले की ते मेणबत्तीच्या उजेडात प्रमेये सोडवीत. सहा भाग त्यांनी जवळजवळ आत्मसात केले. आधी व्याख्या, मग गृहीतकाची तपासणी, त्यानंतरच पुढचे पाऊल, ही शिस्त त्यांना लागली.

तीच शिस्त त्यांनी गुलामगिरीच्या समर्थकांना लावली. १८५४ च्या सुमारास केलेल्या टिपणात ते साधा हिशेब मांडतात. गोरा रंग हा मालकीचा आधार असेल, तर अधिक गोरा माणूस भेटताच मालकानेही गुलाम व्हावे. बुद्धी हा आधार असेल, तर अधिक बुद्धिमानापुढे तीच गत. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालावर १८५८ मध्ये गेल्सबर्गच्या वादसभेत बोलताना त्यांनी नेमका घाव घातला. युक्तिवादाची मांडणी बरोबर आहे. पण गुलामाच्या मालकीचा हक्क राज्यघटनेने स्पष्टपणे दिला आहे, हे गृहीतकच खोटे आहे.

अर्थात लिंकन देव नव्हते. त्याच १८५८ साली चार्ल्सटन येथे त्यांनी काळ्यांना मताधिकार देण्यास नकार दिला होता. स्वतःच्याच तर्काच्या शेवटापर्यंत जाण्यास त्यांना वेळ लागला. १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीची घोषणा झाली. ११ एप्रिल १८६५ च्या अखेरच्या भाषणात त्यांनी काही काळ्या नागरिकांना मताधिकार द्यावा, असे जाहीरपणे सुचवले. ते ऐकणाऱ्या गर्दीत उभ्या असलेल्या बूथने तीनच दिवसांनी त्यांना गोळी घातली. १५ एप्रिलला त्यांचा मृत्यू झाला.

अमेरिकेतील या मुक्तीचे मोल महात्मा फुले यांनी ओळखले होते. १८७३ मध्ये त्यांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ तिथली गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला.

म्हणून परीक्षेला बसणाऱ्यांनो, तर्क ही कोणाच्या जन्माची मिरासदारी नाही. तो सरावाने येतो, चाळिशीतही येतो. प्रश्न समोर आला की आधी लपलेले गृहीतक शोधा. परीक्षा संपल्यावरही ही सवय सोडू नका. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारे युक्तिवाद आजही सुबक भाषेत मांडले जातात. त्यांचे गृहीतक उघडे पाडणारे वकील आपल्याला हवे आहेत.