संत जेरोम : युगान्ताच्या छायेत शास्त्र वाचणारा महापंडित

दरवर्षी ३० सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा संत जेरोम ह्यांचा सण साजरा करते. पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतर करणारे आचार्य म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. मिलाग्र सायबिणीमुळे सर्वधर्मीयांना ठाऊक असलेले गोव्यातील म्हापशाचे चर्च त्यांच्याही नावाने ओळखले जाते. परंतु त्यांच्या जीवनाचा एक पैलू आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. ज्या जगात ते जन्मले, ते जग त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळले आणि त्या काळातही युगान्ताविषयीची वचने कशी वाचावीत, हे त्यांनी शिकवले.

आज ह्या पैलूचे स्मरण करण्यास कारण आहे. कोठे युद्ध पेटले, भूकंप झाला वा साथ आली की वाशी, नेरूळ, पनवेलपर्यंतच्या श्रद्धावंतांच्या मोबाइलवर संदेश फिरू लागतात. आपली पिढी हीच अखेरची पिढी, असे त्यांत ठासून सांगितलेले असते. आधार दिला जातो तो मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायातील ३४ व्या ओवीचा. हे सर्व घडेपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही, असे प्रभू येशू तेथे सांगतात. मग ही पिढी कोणती?

जेरोम ह्यांचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास डाल्मेशिया व पॅनोनिया ह्या रोमन प्रांतांच्या सीमेवरील स्ट्रिडोन गावी, ख्रिस्ती कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते रोमला गेले. तेथे डोनेटस ह्या नामवंत व्याकरणकारांच्या हाताखाली त्यांनी भाषेचा अभ्यास केला आणि तेथेच बाप्तिस्मा स्वीकारला. रविवारी मित्रांसह ते रक्तसाक्षींच्या भुयारी दफनभूमीत उतरत. तेथील काळोखाची आठवण त्यांनी वृद्धापकाळीही लिहून ठेवली आहे.

पुढे अंत्युखियात आजारी असताना त्यांना स्वप्न पडले. न्यायासनापुढे उभे असता, तू ख्रिस्ताचा नसून सिसेरोचा शिष्य आहेस, असा ठपका त्यांच्यावर ठेवण्यात आला. ह्यानंतर ते सिरियातील खाल्किसच्या वाळवंटात एकांतवासासाठी गेले. मनातील विकारांना आवर घालण्यासाठी त्यांनी एका ख्रिस्ती झालेल्या यहुदी गृहस्थाकडून हिब्रू शिकण्यास आरंभ केला. शास्त्रपंडित जेरोम घडले ते ह्या कष्टातून.

इ. स. ३८२ मध्ये ते रोमला परतले व पोप दमासस ह्यांचे सचिव झाले. पोपमहोदयांच्या सूचनेवरून त्यांनी शुभवर्तमानांच्या लॅटिन भाषांतराची शुद्ध प्रत तयार केली. मार्सेला, पॉला व तिची कन्या युस्टोकियम ह्या कुलीन स्त्रिया त्यांच्याकडे शास्त्राभ्यास करीत. जेरोम ह्यांचा स्वभाव तापट होता आणि जीभ तिखट होती. त्यांनी अनेकांना दुखावले. दमासस ह्यांच्या निधनानंतर, ३८५ साली त्यांना रोम सोडावे लागले. पॉला व युस्टोकियम ह्यांच्यासह ते पुढील वर्षी बेथलेहेमला स्थायिक झाले. पॉलाच्या संपत्तीतून तेथे मठ उभे राहिले, यात्रेकरूंसाठी धर्मशाळाही बांधण्यात आली.

बेथलेहेममध्ये त्यांनी सुमारे पंधरा वर्षे खपून जुन्या कराराचे हिब्रूतून भाषांतर केले. लोकांच्या भयाने रात्रीच्या वेळी येणाऱ्या एका यहुदी गुरूची त्यांना मदत झाली. मूळ भाषांकडे वळण्याची ही परंपरा पुढे मराठीतही आली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम हातावेगळे केले. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली प्रसिद्ध झाले. शब्दाचा अर्थ शोधताना भाषांतरकारावर केवढी जबाबदारी असते, हे अशा कार्यातून कळते.

इ. स. ३९८ मध्ये, नुकतेच आजारातून उठलेले असताना, जेरोम ह्यांनी अवघ्या दोन आठवड्यांत मत्तयच्या शुभवर्तमानावर भाष्य लिहिले. २४ व्या अध्यायातील ‘पिढी’ ह्या शब्दाशी ते थांबले. मराठीत पिढी म्हटले की आजोबा, वडील, नातू असा हिशेब आपल्या मनात येतो. ग्रीक ‘गेनेआ’ शब्दाचा पसारा मोठा आहे. त्यात समकालीन माणसे येतात, वंश येतो आणि एका वृत्तीचे लोकही येतात. जेरोम ह्यांनी दोन अर्थ पुढे ठेवले : एक, समस्त मानवजात; दुसरा, विशेषतः यहुदी लोक. त्यांतील एकच खरा, असा हट्ट त्यांनी धरला नाही. त्यांचे समकालीन संत जॉन क्रिसोस्तोम ह्यांनी ही पिढी म्हणजे प्रभूला शोधणाऱ्या श्रद्धावंतांची पिढी, असा अर्थ लावला. शिवाय प्रभूचे शब्द ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या हयातीतच, इ. स. ७० मध्ये, यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले होते. त्या अर्थीही ते वचन पूर्ण झाले, असे अनेक अभ्यासक मानतात.

त्याच अध्यायाच्या ३६ व्या ओवीत तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, असे सांगितले आहे. जेरोम ह्यांच्या मते हे अज्ञान हितकारक आहे. दिवस ठाऊक नसल्यामुळे शिष्य रोज न्यायाला सामोरे जाण्याच्या तयारीने जगतो. त्याच सुमारास त्यांनी रक्तसाक्षी व्हिक्टोरिनस ह्यांच्या प्रकटीकरणावरील जुन्या भाष्याची सुधारित आवृत्ती केली. त्यातील पृथ्वीवरील हजार वर्षांच्या राज्याची शब्दशः कल्पना त्यांनी वगळली.

परंतु ग्रंथातील विवेक आयुष्यात टिकवणे सोपे नसते. इ. स. ४०६ च्या अखेरीस परकीय टोळ्या ऱ्हाईन नदी ओलांडून साम्राज्यात घुसल्या. तेव्हा लिहिलेल्या एका पत्रात ख्रिस्तविरोधी जवळ आल्याची भीती जेरोम ह्यांनीही व्यक्त केली. २४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिकच्या सैन्याने रोम लुटले. सैनिकांनी वृद्ध मार्सेलाला मारहाण केली व लवकरच तिचा अंत झाला. ही वार्ता ऐकून जेरोम ह्यांची वाचाच बसली. त्या वेळी ते यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथावर भाष्य लिहीत होते. ते काम थांबले.

त्यानंतर त्यांनी जे केले, तोच त्यांचा आपल्याला दिलेला धडा आहे. काल श्रीमंत असलेले रोमन निर्वासित बेथलेहेमच्या दारी भिकेला लागून आले. जेरोम ह्यांनी लेखणी बाजूला ठेवून त्यांची सेवा केली. दिवस आगंतुकांना द्यायचा आणि रात्री दिव्याच्या उजेडात भाष्य पुढे न्यायचे, असा क्रम त्यांनी धरला. दृष्टी मंदावली होती, तरी इ. स. ४१४ मध्ये ते भाष्य पूर्ण झाले. दोन वर्षांनी हल्लेखोरांनी त्यांचे मठ जाळले. परंपरेनुसार ३० सप्टेंबर ४२० रोजी बेथलेहेममध्येच त्यांनी देह ठेवला. रोम पडूनही जगाचा अंत झाला नव्हता.

पुढील काळातही हिशेब थांबले नाहीत. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, पिढी चाळीस वर्षांची, म्हणून अंत १९८८ मध्ये, असे गणित विसाव्या शतकात मांडले गेले. ते वर्ष आले आणि गेले. २१ मे २०११ ही तारीखही तशीच गेली. प्रभू पुन्हा येणार, ही आपली श्रद्धा आहे व प्रत्येक मिस्सात आपण ती उच्चारतो. मात्र येण्याची वेळ जाणणे आपले काम नाही, हेच ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ शिकवतो.

म्हणून पुढच्या वेळी असा भयसंदेश हाती आला तर तो पुढे पाठवण्यापूर्वी मत्तयचा २४ वा अध्याय शेवटपर्यंत वाचावा आणि लगेच २५ वाही वाचावा. युगान्ताचे प्रवचन तेथे भुकेल्याला अन्न देण्यापाशी व परक्याला घरात घेण्यापाशी येऊन पोहोचते. जेरोम ह्यांनी हे दोन्ही अध्याय आपल्या आयुष्यात एकत्र वाचले. आपल्या पिढीलाही तसे वाचता यावे, म्हणून संत जेरोम आपल्यासाठी विनंती करोत.