पंडिता रमाबाई

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. मुलींनी संस्कृत शिकू नये, असे तेव्हा लोक मानत. पण आईनेच त्यांना संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत गावोगाव पायी फिरे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील वारले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी चालत राहिले. १८७८ साली ते कलकत्त्याला पोहोचले. तेथे त्यांना ‘पंडिता’ ही पदवी मिळाली.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुष्कळ लोक रागावले. तरी १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःची भूक त्या विसरल्या नव्हत्या! त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांना जेवण, शिक्षण आणि काम मिळाले. रमाबाई १९२२ साली केडगावलाच वारल्या.