मांद्र्याचे डॉक्टर : भाऊ दाजी लाड

मांद्रे म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा, शॅक आणि पर्यटकांच्या भाड्याच्या स्कूटर येतात. मोरजी आणि हरमल यांच्या मधला, पेडणे तालुक्यातला हा गाव. आपल्या मंडळात पेडणे-डिचोलीकडची बरीच मुलं-मुली आहेत. त्यांना विचारून पाहिलं, तर मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव निम्म्यांनी ऐकलेलं होतं. पण त्यांनी नेमकं काय केलं, हे सांगताना गाडी 'मुंबईत त्यांच्या नावाचं म्युझियम आहे' इथेच थांबत होती. म्हणून हा लेख.

त्यांचं मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म मांद्र्याचा, साल १८२२ (काही चरित्रांत १८२४ दिलेलं आहे). त्या वेळी पेडणे महाल पोर्तुगिजांकडे येऊन जेमतेम एक पिढी झाली होती. डिचोली १७८०च्या दशकाच्या सुरुवातीला गेलं आणि १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पेडणे गेलं. नव्या काबिजादीतल्या या भागात शिकायची सोय फारशी नव्हती. पोट भरायचं तर मुंबई गाठायची, हा रिवाज तेव्हापासूनचा. लाड कुटुंबही मुंबईला गेलं. वडिलांचा धंदा मातीच्या बाहुल्या विकण्याचा, म्हणजे घरची परिस्थिती काय असेल याचा अंदाज करता येतो.

मुलगा बुद्धिबळात हुशार होता. त्याचा खेळ एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडला आणि याला इंग्रजी शिकवा, असं त्यांनी वडिलांच्या मनावर घेतलं. वडिलांनी ऐकलं. घरात पैसा नसताना मुलाला धंद्याला न लावता शाळेत पाठवणं सोपं नसतं, त्यामुळे त्या वडिलांचंही मोठं श्रेय आहे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भाऊ शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. कच्छ-काठेवाडात जन्मलेल्या मुलींना मारून टाकण्याची चाल होती. तिच्यावर निबंध लिहिण्याची स्पर्धा सरकारने लावली, तेव्हा ६०० रुपयांचं बक्षीस त्यांच्या निबंधाला मिळालं. त्या काळात ६०० रुपये म्हणजे फार मोठी रक्कम होती.

शिक्षकाची नोकरी चांगली चालली होती. पण १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं आणि भाऊ पुन्हा विद्यार्थी झाले. पणजीचं मेडिकल स्कूल त्याआधी तीन वर्षं, १८४२ साली सुरू झालं होतं, हे जाता जाता लक्षात ठेवू. ग्रँट मेडिकलमधून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ होते, आणि त्याच तुकडीत बार्देशातल्या आसगावचे जुझे कामिलो लिझबोआही होते. लिझबोआ पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. एका छोट्याशा पहिल्या तुकडीत दोन गोंयकार, आणि दोघांनाही झाडापाल्याचा नाद!

१८५१ साली भाऊंनी दवाखाना घातला. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले, आणि दोघांनी मिळून गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. पैसेवाले रुग्णही पुष्कळ होते. पण या माणसाला नुसती प्रॅक्टिस पुरणारी नव्हती. फोटोग्राफीचंच घ्या. १८३९ साली पॅरिसमध्ये ही कला जाहीर झाली. पुढच्या १५ वर्षांत ती मुंबईत पोचली आणि १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांत भाऊ होते. नारायण दाजी तर एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफी शिकवू लागले. तेव्हा कॅमेरा म्हणजे काचेची प्लेट, रसायनं आणि काळोखी खोली असा सगळा संसार. दूरदेशी निघालेली नवी विद्या हातात घेऊन करून बघायची, हा दोघा भावांचा स्वभावच होता.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्या काळात शिकलेल्या लोकांत दोन तट होते. एक म्हणायचा, विज्ञान काय ते युरोपात, आपल्याकडे सगळी पुराणं. दुसरा म्हणायचा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, नवीन शिकायचं काही नाही. आजही व्हॉट्सअॅपवर हे दोन्ही तट सुखाने नांदत आहेत. भाऊ दाजी दोन्हींत बसले नाहीत. त्यांना संस्कृत येत होतं आणि मेडिकल कॉलेजातली तपासणीही येत होती. जुन्या वैद्यकग्रंथांत एखाद्या वनस्पतीचा मोठा गुण सांगितलेला दिसला, की ते ती मिळवायचे आणि खरंच गुण येतो का हे रुग्णांवर पाहायचे.

या बाबतीत गोव्याला एक जुना वारसा आहे. १५६३ साली गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं. छापखाना गोव्यात येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. इथल्या वैद्यांना, व्यापाऱ्यांना विचारून त्याने माहिती जमवली आणि ती युरोपभर गेली. पण ऑर्ता बाहेरून आलेला, संस्कृत ग्रंथ त्याला वाचता येत नव्हते. भाऊ दाजी ३०० वर्षांनी तेच काम करत होते, आणि त्यांना दोन्हीकडचं वाचता येत होतं.

त्यांनी सगळ्यात जास्त कष्ट घेतले ते कुष्ठरोगावर. त्या काळी हा रोग झालेल्या माणसाला घरचेसुद्धा जवळ करत नसत. भाऊंनी निवडलं ते कडू कवठाच्या बियांचं तेल. आपल्याकडे याला खष्ट म्हणतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या ओलसर रानात वाढणारं हे झाड आहे. याच कुळातल्या चौलमुग्रा नावाच्या झाडाचं तेल पूर्वेकडे वापरत, आणि १८५४ साली कलकत्त्याच्या डॉ. मोआट यांनी त्यावर लिहिलं होतं. भाऊंनी कोकणातल्या झाडावर काम केलं. काही रुग्णांना बरं वाटू लागलं, आणि लांबून लांबून लोक त्यांच्याकडे येऊ लागले.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. आपल्या उपचाराची पूर्ण कृती भाऊंनी छापून प्रसिद्ध केली नाही. अजून तपासायचं आहे, अजून खात्री करायची आहे, असं करता करता वेळ गेला आणि आयुष्य संपलं. हे अधिक टोचतं, कारण दुसऱ्या एका विषयात त्यांनी नेमकं उलट केलं होतं.

तो विषय म्हणजे आर्यभट. आज शाळेतल्या मुलालाही आर्यभटाचं नाव माहीत असतं. पण १८६० पर्यंत त्याचा मूळ ग्रंथ विद्वानांच्या हातात नव्हता. ब्रह्मगुप्तासारख्या नंतरच्या ज्योतिष्यांनी त्याच्यावर केलेली टीका आणि त्याचे दिलेले उल्लेख, एवढ्यावरच कोलब्रुकसारख्या मोठ्या अभ्यासकालाही भागवावं लागलं होतं. त्यात आर्यभट नावाचा दुसरा एक ज्योतिषीही नंतर होऊन गेलेला, म्हणून दोघांची सरमिसळ व्हायची. भाऊ दाजींनी दक्षिणेतून 'आर्यभटीय'च्या हस्तलिखित प्रती मिळवल्या. त्या वाचून, तपासून त्यांनी जो निबंध लिहिला, तो १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य या पाचांचा काळ आणि ग्रंथ त्यात तपासले आहेत.

आर्यभटाचा काळ निघतो तो हिशेब आपणही करू शकतो. कलियुगाची ३६०० वर्षं झाली तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो, असा हिशेब आर्यभटाने स्वतःच ग्रंथात दिला आहे. कलियुगाची सुरुवात इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये धरतात. तिथून ३६०० वर्षं मोजली (मध्ये शून्य साल नाही, हे लक्षात ठेवून), की इ.स. ४९९ येतं. त्यातून २३ वजा केले, की जन्मसाल ४७६. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं म्हणणारा, परिघ आणि व्यास यांचं प्रमाण ३.१४१६ देणारा माणूस अशा रीतीने काळाच्या पट्टीवर पक्का बसला.

आपल्या मंडळातल्या वृत्त-मात्रा घोकणाऱ्यांना आवडेल अशीही एक गोष्ट या निबंधात आहे. नाव आर्यभट्ट की आर्यभट? भाऊंनी श्लोकांच्या मात्रा मोजल्या. दोन ट घातले की वृत्त मोडतं. म्हणजे नाव आर्यभट. १९७५ साली भारताने पहिला उपग्रह सोडला, त्याचं नाव एका ट नेच लिहिलेलं आहे. व्याकरणाच्या तासाला जांभया देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं!

ही विद्या एका गावातून दुसऱ्या गावात कशी गेली, हेही पाहण्यासारखं आहे. अरबी ग्रंथांतून आर्यभटाचं नाव अर्जबहर असं बदललेल्या रूपात पोचलं होतं. भारताचे अंक अरबांकडून युरोपात गेले, युरोपातली शवविच्छेदनाची विद्या मुंबईत आली, आणि मांद्र्याच्या माणसाने मुंबईत बसून दक्षिणेतल्या पोथ्यांवरून लिहिलेला निबंध लंडनमध्ये छापला गेला. मग १८७४ साली हॉलंडमधल्या लायडनमध्ये केर्न यांनी 'आर्यभटीय' छापलं.

शिलालेखांतही त्यांनी असंच काम केलं. अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख, जुनागडचा रुद्रदाम्याचा लेख यांवर त्यांचे निबंध आहेत. जुनागडच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाला त्यांनी मुंबईला आणलं, आणि ठसे-नकला घेण्यासाठी देशभर पाठवलं. हेच भगवानलाल पुढे मोठे पुरातत्त्वज्ञ झाले.

सार्वजनिक कामांची यादी लांब आहे. मुंबई विद्यापीठाचे पहिल्या काही फेलोंपैकी ते एक. १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी झटून काम केलं. १८६२ च्या महाराज लायबल केसमध्ये एका बलाढ्य धर्मगुरूच्या विरोधात, डॉक्टर म्हणून जे ठाऊक होतं ते त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं. केवढी माणसं दुखावली जाणार, याची कल्पना त्यांना नक्कीच असणार.

भायखळ्याच्या संग्रहालयासाठीही त्यांनी खूप खटपट केली. ते १८७२ साली उघडलं. तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, १९७५ साली ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झालं. राणीच्या बागेला लागूनच आहे. कधी गेलात तर तिथल्या मातीच्या छोट्या मूर्ती नीट पाहा. मुंबईतल्या नाना जातींची, धंद्यांची माणसं मातीत घडवून कपाटात मांडलेली आहेत. मातीच्या बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाचं नाव त्या इमारतीवर आहे.

३१ मे १८७४ रोजी भाऊ दाजी गेले. पन्नाशी उलटून दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. आदल्याच वर्षी, १८७३ साली, नॉर्वेत हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला होता. भाऊंच्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे डॉ. कार्टर हा रोग अभ्यासायला त्याच वर्षी नॉर्वेला गेले. सगळे धागे जवळ येत होते, आणि नेमके भाऊच राहिले नाहीत.

त्यांच्या तेलाचं पुढे काय झालं? या कुळातल्या झाडांचं तेल जगभर वापरलं गेलं. पण ते पोटात घेतलं की मळमळ, आणि टोचलं तर अंगात नीट भिनत नसे. १९१५च्या सुमारास हवाईमध्ये अॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ मुलीने त्यातली आम्लं वेगळी करून टोचता येईल असं औषध बनवलं. ती २४व्या वर्षी वारली, आणि तिचं काम दुसऱ्याच्या नावावर छापलं गेलं. तिला तिचं श्रेय मिळायला कित्येक वर्षं जावी लागली. १९४०च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि तेल मागे पडलं. आज कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. त्यामुळे हे वाचून कोणी खष्टाचं तेल घरी वापरायला जाऊ नये, ही विनंती.

भाऊंनी छापलेला आर्यभटाचा निबंध दीडशे वर्षांनीसुद्धा अभ्यासक उघडून बघतात, चूक असेल तिथे दुरुस्त करतात. त्यांनी किती रुग्णांना किती तेल दिलं, कोणाला गुण आला, कोणाला नाही, हे मात्र आपल्याला असं उघडून बघता येत नाही. हान्सेन, कार्टर यांच्या हातात ते पडलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. एवढ्या मोठ्या माणसाकडून हे राहिलं, तर आपलं काय?

म्हणून मंडळातर्फे एक छोटं काम सुचवतो. पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या मुलांनी सुट्टीत घरी गेल्यावर कुळागरातल्या, देवराईतल्या झाडांची नावं, त्यांचा घरगुती वापर, कोण सांगतं आणि त्याने कोणाला गुण आला नाही, हे सगळं वहीत उतरवावं. खरं-खोटं नंतर वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे आणि लॅबमध्ये पाहू. आधी लिहून तर ठेवू. आणि पूर्ण झालं नाही, अजून तपासायचं आहे, म्हणून वही बंद ठेवू नका. जेवढं झालं असेल तेवढं पुढच्या अंकासाठी आणून द्या.